सराफ्यातली रात्र

लग्नाचा वाढदिवस साजरा करायला लोक गोव्यात येतात. आम्ही गोंयकार मात्र देवळात नारळ ठेवतो, घरी मणगणं करतो आणि दिवस उरकतो. आमचा २० वा वाढदिवस एलटीसीच्या प्रवासात, इंदूरला आला. रात्री राजवाड्याजवळच्या सराफ्यात गेलो. दिवसा हा सोन्याचांदीचा बाजार. दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात, त्या पार मध्यरात्र उलटेपर्यंत. दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, थंडीतले तळलेले गराडू, गरम जिलबी, सगळं उभ्यानंच खाल्लं.

ही सहज म्हणाली, "अहो, कढईतलं गरम गरम आधी माझ्या हातात, असं किती वर्षांनी झालं!"

माझा घास घशातच अडकला. २० वर्षं सगळ्यांना वाढून ही शेवटी जेवली. "आम्ही मणगणं करतो" असं वर मी म्हटलंच आहे. पण करते कोण?

वाढदिवसाला केक, मेणबत्त्या नसल्या तरी चालेल. त्या रात्री घरातल्या बाईची चूल बंद हवी, एवढंच माझं म्हणणं. त्यासाठी इंदूरच गाठायला नको. जत्रेच्या फेरीत गरम भजी आपल्याकडेही मिळतात. पहिला द्रोण तिच्या हातात द्या, म्हणजे झालं.