मिग-21 'उडती शवपेटी' होतं, मग जुने वैमानिक त्याच्यावर एवढा जीव का टाकतात?

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 ला निरोप देण्यात आला. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंह यांनी स्वतः ते विमान उडवलं. त्या दिवशी आपल्या फीडवर एकीकडे 'उडती शवपेटी एकदाची गेली' अशा पोस्ट होत्या, तर दुसरीकडे भावुक झालेले निवृत्त वैमानिक. मग खरं कोण बोलतंय?

खान्देशातल्या लोकांना हे विमान तसं जवळचं. धुळ्याहून नाशिकला जाताना पिंपळगाव बसवंत सोडलं की ओझर लागतं. तिथला एचएएलचा कारखाना 1964 साली मिग बनवण्यासाठीच उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती.

आता 1971 मध्ये जाऊ. 14 डिसेंबरला गुवाहाटीच्या तळावर 28 स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर बी. के. बिश्नोई उड्डाणाच्या तयारीत होते. ढाक्यात एका बैठकीवर हल्ला करायचा होता. बिश्नोईंनी नंतर सांगितलेली आठवण अशी, की ऐनवेळी लक्ष्य बदललं. सर्किट हाऊस नाही, गव्हर्नमेंट हाऊस! आणि ते शोधायला हातात काय, तर ढाक्याचा पर्यटकांसाठीचा नकाशा. चार मिग-21 गेली, इमारतीवर रॉकेट डागून परत आली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. गंमत म्हणजे हे विमान मुळात शत्रूची विमानं अडवण्यासाठी बनलं होतं, इमारतींवर मारा करण्यासाठी नाही.

ज्या विमानानं हे करून दाखवलं आणि सुखरूप परत आणलं, त्याच्याबद्दल वैमानिक प्रेमानंच बोलणार. पण आठवणी सांगायला परत आलेलेच उरतात, हेही विसरून चालत नाही.

2012 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं, की घेतलेल्या 872 मिगपैकी निम्म्याहून जास्त अपघातात गेली आणि 171 वैमानिकांचा मृत्यू झाला. (हा आकडा सगळ्या प्रकारच्या मिगचा आहे. व्हॉट्सॲपवर तो एकट्या मिग-21 च्या नावावर फिरतो.)

एवढे अपघात का झाले? विमान जुनं होतं, हे एक कारण. पण त्याचे पंख लहान, पातळ आणि त्रिकोणी. वेगात झकास, कमी वेगात अवघड. त्यामुळे उतरतानाही वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर ठेवावा लागायचा. आणि ते चालवायला येणारी पोरं किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावर शिकून थेट इथे यायची. मधली पायरीच नव्हती. ही पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट ट्रेनर घ्या, अशी शिफारस ला फाँटेन समितीनं 1982 मध्येच केली होती. हॉक ट्रेनर हवाई दलात आलं 2008 मध्ये. 26 वर्षं! माझ्या मते 'शवपेटी' म्हणून सगळा राग विमानावर काढला, की या उशिराचा जाब कुणी विचारत नाही.

एका मराठी घरानं तो विचारला. 17 सप्टेंबर 2001 ला राजस्थानातल्या सुरतगडहून रात्री उडालेलं मिग-21 कोसळलं आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. चूक वैमानिकाची, हे उत्तर आई कविता गाडगीळ आणि वडील, हवाई दलातूनच निवृत्त झालेले विंग कमांडर अनिल गाडगीळ यांना मान्य नव्हतं. त्यांनी मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बिश्नोई 1971 मध्ये ज्या जातीच्या विमानातून परतले, त्याच जातीचं हे विमान. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या निवृत्त वैमानिकाचा व्हिडिओ पाहिलात, तर त्याचं प्रशिक्षण कोणत्या विमानावर आणि किती तास झालं होतं, हे सांगणारा भाग पुढे ढकलू नका.

चंदीगडच्या निरोपानंतर बरोबर 21 दिवसांनी, 17 ऑक्टोबर 2025 ला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथे तयार झालेलं पहिलं तेजस एमके-1ए उडालं.