जत्रेत बंदूक चालत नाही, मग दवाखान्यात कशी चालते?

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात अपघाताचा पेशंट आलाय. सोबत पंधरा-वीस नातेवाईक. ड्युटीवर एक डॉक्टर, एक सिस्टर, एक शिपाई. "इथं सोय नाही, जालन्याला हलवा," असं डॉक्टर सांगतात आणि आवाज चढायला लागतात. गर्दीतल्या एकाच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल आहे. तो ते काढत नाही, फक्त आहे एवढं दिसतं. आता डॉक्टरांनी काय करायचं?

कायदा काय म्हणतो ते बघू. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. परवान्यावरच एक अट छापलेली असते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. या यादीत शाळा आहे, जत्रा आहे. दवाखाना मात्र नाही!

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं असावं, ते परजू नये, असं २०१६ चे नियम सांगतात. मोडले तर परवाना जाऊ शकतो. पण झाकून आत नेलं तर? तिथं नियम गप्प आहे.

गंमत बघा. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ते शिक्षणसंस्था आहे, म्हणून त्याच्या आवाराला ही अट लागते असं म्हणता येईल. पण अंबड, भोकरदन, परतूर, मंठ्याच्या सरकारी दवाखान्यांचं काय? जिथं डॉक्टर एकटा, तिथंच कायद्याचं संरक्षण कमी.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी राज्याचा २०१० चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई. पण तो हिंसा घडल्यावर कामाला येतो. शस्त्र गेटवरच अडवण्याचं काम तो करत नाही.

"आपल्याकडं कुठं एवढ्या बंदुका?" असं कुणी म्हणेल. शेजारच्या बीडकडे बघा. डिसेंबर २०२४ मधल्या सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं. मग फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. बीडची हद्द आपल्या हद्दीला लागूनच आहे.

अर्थात, परवान्याचा नियम गुंडाला अडवत नाही, हेही खरं. १२ सप्टेंबर १९९२ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टोळीवाले वॉर्डात घुसले आणि उपचार घेत असलेल्या विरोधी टोळीच्या माणसाला गोळ्या घातल्या. पहाऱ्यावरचे दोन पोलीस शहीद झाले. तिथं परवान्याचा प्रश्नच नव्हता, पहाऱ्याचा होता. म्हणून नियम आणि गेटवरचा माणूस, दोन्ही लागतात. नुसता बोर्ड लावला तर तो रंगाचा खर्च.

अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनात्मक हक्क आहे. तिथल्या न्यूयॉर्क राज्यानंही २०२२ च्या कायद्यात आरोग्यसेवेच्या जागा 'संवेदनशील ठिकाण' ठरवून तिथं बंदूक नेण्यास मनाई केली. आपल्याकडे तर परवाना हा हक्क नाही, सरकारने दिलेली सवलत आहे.

मग जालन्यात काय करता येईल? त्यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ नुसार परवाना देणारा अधिकारी, कायद्याने ठरवून दिलेल्या अटी सोडून, परवान्यावरच्या बाकी अटी बदलू शकतो. आपल्या जिल्ह्यात ते जिल्हाधिकारी. परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. त्या वेळी 'ड्युटीवरचे पोलीस वगळता दवाखान्याच्या आवारात शस्त्र नेणार नाही' ही एक ओळ वाढवता येईल. परवानाधारक स्वतःच आजारी पडला तर शस्त्र जवळच्या ठाण्यात जमा करण्याची सोय हवी. निवडणुकीत शस्त्रं जमा करून घेतातच की! आणि आठही तालुक्यांच्या दवाखान्यांत रात्रपाळीला प्रशिक्षित सुरक्षारक्षक हवा.

रात्री एकटा डॉक्टर घाबरला तर तो पेशंटला हात लावण्याआधी पुढं पाठवायचं बघतो. त्यात नुकसान डॉक्टरचं कमी, आपल्या माणसाचं जास्त.