पेटीत शत्रूच नाही!

सिनेमाचं परीक्षण सगळेच लिहितात. मोबाइलचं तर आजकाल शेंबडं पोरही करतं. मी मात्र आज एका खोक्याचं परीक्षण लिहिणार आहे. खोक्यावर नाव होतं 'मावळे संच', आत नग चोवीस, किंमत साडेसहाशे रुपये, कुरिअर वेगळं. मागवला माझ्या सातारकर रूम पार्टनरने, पैसे भरले सहा जणांनी वर्गणी काढून. खोका उघडत असताना मेसच्या मामांनी डोकावून विचारलं, "हाई काय शे भो?"

प्रश्न साधा होता. पण त्याचं नीट उत्तर द्यायला मला पंधरा दिवस लागले. ते उत्तर म्हणजे हा लेख.

झालं असं, की यंदा परीक्षेचं वेळापत्रक अशा मुहूर्तावर लागलं की दिवाळीचे दोन-तीन दिवस सोडले तर निम्मं होस्टेल इथेच. आमच्या खान्देशात दिवाळीत किल्ला करायची पद्धत पुण्या-साताऱ्याइतकी नाही. सातारकरला मात्र किल्ल्याशिवाय दिवाळी म्हणजे जर्नलशिवाय सबमिशन. त्याने रेक्टर सरांची परवानगी काढली, होस्टेलच्या मागे दगड-विटा रचल्या, वर पोती टाकली आणि काळ्या मातीचा चिखल लिंपला. दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर बुरुजाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. कापसाची जमीन ती, तिने सिव्हिलवाल्यांना सॉइल मेकॅनिक्सचा एक धडा फुकट शिकवला! असो.

आता खोक्याकडे वळू. आतली यादी अशी : सिंहासनावर बसलेले महाराज १, घोडेस्वार १, मावळे १४, चोपदार २, तुतारीवाले २, तोफा २, गवळण १ आणि वाघ १. एकूण चोवीस. पैकी एका मावळ्याची तलवार प्रवासातच धारातीर्थी पडली होती, ती फेव्हिक्विकने जोडली. रंग चकचकीत, पगड्या लाल, मिशा झोकदार. मांडून ठेवल्यावर दिसायला झकास दिसतात, यात वादच नाही.

पण मेकॅनिकलच्या पोराच्या हातात कुठलीही वस्तू दिली की तो आधी स्केल काढतो. मावळा साडेसात सेंटीमीटर भरला. माणूस १६५ सेंटीमीटरचा धरला तर स्केल झालं १:२२. या हिशेबाने घोडा खांद्यापाशी ११० सेंटीमीटर! हा घोडा आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत नेला तर व्यापारी विचारतील, शिंगरू कितीला? वाघ मात्र शेपटीसकट अगदी बरोबर मापात. महाराज बसलेले असूनही अठरा सेंटीमीटर आहेत. ती मी चूक धरत नाही. जुन्या चित्रांत आणि शिल्पांतही मोठा माणूस आकारानेच मोठा दाखवतात. आणि साल्हेरचा किल्ला समुद्रसपाटीपासून १५६७ मीटर. तो या स्केलने करायचा तर ७१ मीटरचा ढिगारा लागेल. रेक्टर सर परवानगी देणार नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. चौदाच्या चौदा मावळ्यांचा हात सारखाच : वर, बाजूला, तलवार आकाशाकडे. मला आधी वाटलं, वीरश्री दाखवायची म्हणून असेल. मग अंगावरून नख फिरवलं तर दोन्ही कुशींतून साच्याची जोडरेषा लागली. साचा दोन भागांचा. अशा साच्यातून पुढे रोखलेला हात सुटत नाही, अडकतो किंवा मोडतो. म्हणून हात धडाच्या रेषेतच ठेवावा लागतो, म्हणजे वर किंवा बाजूला. आमच्या मावळ्यांची वीरश्री अर्धीअधिक साच्यातून आली होती! कुणी गुडघे टेकून बंदूक भरतोय, कुणी जखमी दोस्ताला उचलतोय, कुणी चक्क बसून भाकरी खातोय, असा एकही नाही.

इथपर्यंत मी फक्त थट्टा करत होतो. खरी गडबड झाली ती आम्ही खेळायला बसलो तेव्हा.

परदेशात असल्या छोट्या सैनिकांचे खेळ टेबलावर मांडून खेळतात. हे फॅड आजचं नाही. प्रशियाच्या राजासमोर रायस्वित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये असा युद्धखेळ मांडला, त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले आणि तिथल्या लष्कराने तो अधिकाऱ्यांना शिकवायला घेतला. त्यात प्रत्येक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, आणि मध्ये एक पंच. जे सैनिकाला दिसणार नाही ते पंच खेळाडूलाही दाखवत नाही. पुढे एच. जी. वेल्स या विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिलं. आज इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधली गेम्स वर्कशॉप ही कंपनी 'वॉरहॅमर'च्या पेट्या जगभर विकते. आपण मागे राहायचं कारण नाही, कारण मुळात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर मांडणारं चतुरंग आपलंच.

तर सातारकर म्हणाला, आपण साल्हेर खेळू. मला कल्पना पटली. साल्हेर काही लांब नाही, नाशिक जिल्ह्यात बागलाणात. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात तो आहे. १६७१ मध्ये मराठ्यांनी तो घेतला, मग मोगलांनी वेढा घातला, आणि १६७२ मध्ये वेढा फोडायला प्रतापराव गुजर वरघाटाने आणि मोरोपंत पिंगळे कोकणातून आले. मोगलांच्या बाजूला इखलासखान. नेहमीचा गनिमी कावा नाही, उघड्या मैदानावरची झुंज.

टेबल टेनिसचं टेबल रिकामं केलं, खडूने डोंगर आखला. गणिताच्या सरांना पंच केलं. प्रतापराव झाला अर्थातच सातारकर, मोरोपंत झाला तळोद्याचा मित्र. आणि मग लक्षात आलं की खोक्यात शत्रूच नाही!

चोवीस नगांत एकही मोगल नाही. चौदा तलवारी उपसलेल्या आहेत त्या कुणावर? सगळा खोका धुंडाळला तर शत्रू म्हणण्यासारखा एकच निघाला, तो म्हणजे वाघ. तुलनेसाठी सांगतो, २०२३ मध्ये आलेल्या वॉरहॅमरच्या 'लेव्हायथन' पेटीत ७२ बाहुल्या होत्या आणि त्या दोन परस्परविरोधी सैन्यांच्या होत्या. ज्याने पेटी बनवली त्याने गृहीत धरलं होतं की टेबलाच्या पलीकडेही कुणीतरी बसणार आहे, आणि त्यालाही जिंकायचं असणार आहे. आपल्या पेटीने हे गृहीतच धरलेलं नाही.

कुणी म्हणेल, अरे, हा शोभेचा संच आहे, खेळाचा नाही. मान्य. पण मग आमच्यात काय झालं ते ऐका. बाटल्यांची झाकणं मोगल पायदळ, वर्कशॉपमधले मोठे नट हत्ती, काड्यापेट्या म्हणजे उंटावरचे जंबुरे, असं सामान जमवलं. पण इखलासखान व्हायला कुणी तयार होईना! सेमिनारला पहिला नंबर नको म्हणून पोरं मागे सरकतात तशी एकेक मागे सरकली. "मी कशाला हरू?" असं एक जण, "घरी कळलं तर?" असं दुसरा. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नशीब फुटलं.

सांगतो, त्या संध्याकाळी मला साल्हेर जितकं कळलं तितकं दहा वेळा वाचूनही कळलं नव्हतं. सभासदाच्या बखरीत या लढाईतल्या धुरळ्याचं वर्णन आहे, आपला-परका ओळखू येऊ नये असा. म्हणून सरांनी नियम केला : तिसऱ्या चालीनंतर टेबलावर मधोमध वर्तमानपत्राचा पडदा, आणि हुकूम फक्त चिठ्ठीवर. मी मागे किल्ला ठेवून निवांत बसलो होतो. अचानक डावीकडून चिठ्ठी आली, 'धूळ दिसते'. मी हत्ती तिकडे वळवले. पुढच्या चालीत उजवीकडून चिठ्ठी, 'धूळ दिसते'. दोनच मिनिटं, कुणाकडे तोंड करू? वेढा घालणारा मीच वेढ्यात सापडलो होतो. प्रतापराव आणि मोरोपंत नुसते शूर नव्हते. दोन वेगळ्या वाटांनी निघालेल्या दोन फौजा एका ठिकाणी वेळेवर जुळवणं हे काम काय प्रतीचं असेल, हे मला हरताना कळलं. जिंकणाऱ्या सातारकरला ते तेवढं कळलं नाही, असं तोच नंतर म्हणाला. पुढच्या डावाला त्याने स्वतःहून इखलासखान मागून घेतला.

माझं म्हणणं एवढंच आहे. शत्रू पुठ्ठ्याचा केला की विजयही पुठ्ठ्याचा होतो. प्रत्यक्षात तिथे मराठ्यांची माणसंही पडली. सूर्याजी काकडे जंबुऱ्याचा गोळा लागून गेले. आणि खुद्द इखलासखान जखमी होऊन हाती सापडला, त्याला पुढे सोडून देण्यात आलं. ज्यांनी ती लढाई जिंकली त्यांनी शत्रूला माणूस म्हणून मोजलं, आणि आपण साडेसहाशे रुपयांच्या खोक्यात त्याला एक नगही देत नाही?

आता दुसरी उणीव. ती मला नाही, आमच्या धडगावच्या ज्युनिअरला दिसली. तो बराच वेळ टेबलापाशी उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, "दादा, यांच्यात एकाच्याही डोक्यावर काही नाही. वर दाणे कोण नेतं?" आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याच्या पाड्यावर पावसाळ्यात गाडी जात नाही, रेशनचं धान्य डोक्यावरून चढवावं लागतं. ज्याने पोतं चढवलंय त्याला किल्ला बघून आधी हाच प्रश्न पडणार.

प्रश्न बिनतोड होता. शिवकाळात गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे, त्याच्याकडे धान्य आणि सामानाचा हिशेब. म्हणजे राज्यकर्त्यांना दाण्याचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं, फक्त खोका भरणाऱ्याला नव्हतं. आम्ही नियम वाढवला : दर चार चालींनी गडावर तुरीचे दहा दाणे खर्च, दाणे संपले की गड पडला. त्या एका नियमाने खेळ पालटला. पडून राहिलेली गवळण एकदम टेबलावरचा सगळ्यात मोलाचा नग झाली, कारण वर माल नेणारी तेवढीच होती. सातारकर तलवारवाल्यांना सोडून तिला जपायला लागला!

त्याच ज्युनिअरने दुसऱ्या दिवशी चिखलाचे पाच तिरंदाज करून आणले, बांबूच्या काडीचं धनुष्य, दोऱ्याची प्रत्यंचा. हात पुढे रोखलेले, कारण साचा नव्हताच. म्हणाला, "हे खाज्या नाईकाचे." सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांनी इंग्रजी फौजेशी लढाई दिली. आपल्या होस्टेलच्या गच्चीवरून दिसतो तोच हा सातपुडा. पण त्या लढाईचा संच कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो आपल्यालाच करावा लागणार.

तर निकाल, आपल्या इंटर्नल मार्कांच्या भाषेत. शोभा : वीसपैकी सतरा. रंगकाम : वीसपैकी पंधरा. टिकाऊपणा : वीसपैकी नऊ (तलवार प्रकरण). स्केल : वीसपैकी आठ, तेही वाघाच्या कृपेने. खेळ : वीसपैकी चार. एकूण शंभरपैकी त्रेपन्न. पास, पण डिस्टिंक्शन नाही. विकत घ्यावा का? जरूर घ्या. महाराजांची मूर्ती प्रसन्न आहे आणि घडवणाऱ्या हातांना काम मिळतं. फक्त खोका उघडला की काम संपलं असं समजू नका.

पुढच्या दिवाळीसाठी आमचा बेत असा आहे. शाडू आणायचा, माणसं हाताने करायची, आणि दोन्ही बाजूंची करायची. घोडे भरपूर, कारण मराठ्यांची फौज घोड्यावर चालायची आणि सारंगखेडा आपल्या जिल्ह्यात असताना एका शिंगरावर भागवणं शोभत नाही. पोतं वाहणारे, पखालवाले, तिरंदाज, भाकरी खाणारा एक तरी. मापं मी काढून देतो, चिखल तुम्ही मळा. आणि एक अट : येणाऱ्या प्रत्येकाने निदान एक डाव टेबलाच्या पलीकडच्या बाजूने खेळायचा.

मामांना मी परवा उत्तर दिलं. म्हटलं, "मामा, हाई अर्धी लढाई शे." मामांनी तुरीच्या दाण्यांकडे बघितलं आणि विचारलं, मेसच्या डब्यातली मूठभर डाळ कोणी नेली?

ती आम्हीच नेली होती, मामा. गडावर.