नुसती दुखण्याची गोळी

“औषध कुठलं घेतोय? नुसती दुखण्याची गोळी!”

गेल्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्या एका इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या माझ्या मामांनी डॉक्टरांना दिलेले हे उत्तर. शिंद्यांच्या काळापासून तिकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. राहणे स्टेशनालगतच्या पडाव भागात. गुडघे दुखतात म्हणून पाच-सहा महिने ते रोज सकाळी नुसत्या चहावर डायक्लोफेनॅकची गोळी घेत होते. एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले, भोवळ आली आणि ते कोसळले. जठरातील व्रणातून रक्त वाहत होते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिनची लहान गोळीही चालू होती. दुकानदाराने ते विचारले नाही आणि मामांनी सांगितले नाही.

दोष गोळीचा, असे चटकन म्हणता येईल. पण ते खरे नाही. ॲस्पिरिन १८९७ साली शुद्ध स्वरूपात तयार झाले. ते नेमके काय करते हे मात्र जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. इजा झाली की पेशी एका विकराच्या साहाय्याने प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवतात. त्यांच्यामुळे तेथे सूज येते व मज्जातंतू हळवे होतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सारी औषधे त्या विकरालाच अडवतात. सूज उतरते, ठणका थांबतो.

परंतु हीच द्रव्ये जठराचे आतले अस्तर आम्लापासून राखतात आणि अडचणीच्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणते हे कळत नाही. गुण आणि अवगुण एकाच कृतीतून येतात. केवळ सुजेच्या जागी वाढणारे विकर अडवावे म्हणून नवी औषधे निघाली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढवते असे दिसल्यावर २००४ साली बाजारातून मागे घ्यावे लागले.

मूत्रपिंडावरचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे गिधाडांनी आपल्याला दाखवले. ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी हे औषध आपल्याकडे बंद करण्यात आले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा एकसुद्धा उरली नव्हती. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरे. पण वृद्ध, मधुमेही, रक्तदाबाचे वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी त्या भरवशावर राहू नये.

डायक्लोफेनॅकच्या वेष्टनावर तांबडी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा तिचा अर्थ. तरी ती गोळी सुपारीसारखी सुटी मिळते. यावर कोणी म्हणेल, डॉक्टरांची फी आणि रांगेत बुडणारी रोजी गरिबाने कोठून भरून काढावी? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ‘गोळी घेऊच नका’ हा उपदेश मला पटत नाही. पण चार प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. पोटात व्रण होता का? हृदय, रक्तदाब, मूत्रपिंड यांचे दुखणे आहे का? दुसरे कोणते औषध चालू आहे? गोळी किती दिवस घेता आहात? दुकानदाराने हे विचारलेच पाहिजे. न विचारल्यास आपण आपण होऊन सांगितले पाहिजे. दमेकऱ्याने व गर्भवतीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. डेंग्यूची शंका असलेल्या तापातही ती टाळावी, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

आपण विज्ञान शिकतो ते केवळ परीक्षेपुरते नसेल, तर प्रत्येकाने या सुट्टीत घरातला औषधांचा डबा एकदा उघडावा आणि आजी-आजोबांजवळ बसून हे चार प्रश्न विचारावेत. घरची भाषा मराठी असो वा कन्नड, तो डबा सगळीकडे सारखाच असतो.

मामा आता बरे आहेत. गुडघ्यांचे व्यायाम करतात, आणि गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून घेतात. पडाव म्हणजे प्रवासातला मुक्काम. दुखण्याच्या वाटेवर गोळी हाही एक पडावच. तेथे घटकाभर टेकावे, बिऱ्हाड थाटू नये.