सातारा व सांगली जिल्ह्यांतील हिपॅटायटिस बी प्रतिबंधक बाल लसीकरण

हिपॅटायटिस बी (कावीळ-ब) हा यकृताचा विषाणुजन्य आजार आहे. त्याची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बालकांना मोफत मिळते. सातारा व सांगली जिल्ह्यांत आता प्रश्न लसीच्या किमतीचा नसून ती वेळेत मिळण्याचा आहे.

पार्श्वभूमी

आरंभी ही लस आयात होत असे व ती महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणल्यावर किंमत उतरली. सरकारी कार्यक्रमात २००२-०३ मध्ये निवडक जिल्हे व शहरांत, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११-१२ पासून देशभर तिचा समावेश झाला.

जन्ममात्रेचे महत्त्व

बाधित मातेकडून प्रसूतीच्या वेळी बाळाला संसर्ग होऊ शकतो. अर्भकावस्थेत संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के बालकांत तो दीर्घकालीन होतो. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. अशा संसर्गातून पुढे यकृताचा सिरोसिस वा कर्करोग उद्भवू शकतो. म्हणून पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील मात्रा पंचगुणी (पेंटाव्हॅलंट) लसीतून मिळतात. या नंतरच्या मात्रा हुकलेल्या जन्ममात्रेची पूर्ण भरपाई करू शकत नाहीत.

स्थानिक अडचणी

रुग्णालयातील प्रसूतीत जन्ममात्रा देणे सोपे असते. कृष्णा-वारणा काठच्या साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात मात्र बीड व अन्य जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे कोप्यांत राहतात. सांगलीच्याच दुष्काळी जत तालुक्यातूनही मजूर तोडीसाठी बाहेर पडतात. प्रसूती कोपीत झाल्यास पहिले २४ तास निसटण्याचा धोका असतो. कुटुंब फडाबरोबर गाव बदलत राहिल्यास पुढील मात्राही चुकू शकतात. साताऱ्यातील पाटण व जावळी तालुक्यांच्या डोंगराळ वाड्यांत पावसाळ्यातील वाहतूक हीच अडचण ठरते. शिवाय लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती गोठल्यास निकामी होते.

विश्लेषण

लसीकरण कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात होऊ शकते. त्यासाठी गावचा रहिवासी असण्याची अट नाही. त्यामुळे गरोदर मजूर स्त्रियांची तोडीच्या ठिकाणीच नोंद करणे, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवणे व आशा सेविकांनी कोप्यांना भेटी देणे हे उपाय निर्णायक ठरतात. आफ्रिकेतील अनेक गरीब देशांत जन्ममात्रा अद्याप नियमित कार्यक्रमातच नाही. तेथे लस उपलब्ध करणे ही पहिली पायरी आहे. सातारा-सांगलीत ती पायरी ओलांडली गेली असून जन्मलेल्या प्रत्येक बालकापर्यंत एका दिवसात पोहोचणे बाकी आहे.