ब्लड कॅन्सरच्या प्रत्येक तपासणीसाठी मुंबई गाठायलाच हवी का?

छत्रपती संभाजीनगरहून परळचं टाटा रुग्णालय तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) हा रक्ताचा दुर्मिळ कर्करोग असेल, तर उपचार वर्षानुवर्षं चालतात. इमॅटिनिबसारखी गोळी रोज घ्यावी लागते.

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटसाठीची नोव्हार्टिसची याचिका फेटाळली. त्यामुळे स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. आता अडतं ते पाठपुराव्यावर. प्रवास आणि बुडणारी मजुरी परवडत नाही म्हणून गोळ्या सुटल्या, तर आजार पुन्हा बळावू शकतो.

यावर उपाय म्हणजे कामाची वाटणी. निदान करणं, औषध ठरवणं आणि बदलणं तज्ज्ञांकडे. रक्तगणना आणि दुष्परिणामांवर लक्ष जवळच्या डॉक्टरांकडे. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी होणाऱ्या बीसीआर-एबीएल चाचणीसाठी रक्ताचा नमुना गावाजवळ घेऊन प्रयोगशाळेत पाठवता येतो.

शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. देशातली कर्करोग केंद्रं जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिडही २०१२ पासून आहे. पण गावातल्या डॉक्टरांपर्यंत लेखी सूचना पोहोचल्या, तरच ही साखळी पूर्ण होते.

म्हणून तज्ज्ञांकडून निघताना फाइलवर लिहून घ्या: पुढची चाचणी कधी, कोणत्या त्रासात लगेच यायचं आणि फोन कुणाला करायचा.