मरळ, गचपण आणि जाड दोरा

"बारीक दोरा म्हणजेच खरा खेळ" म्हणणाऱ्या मित्रांशी माझं जुनं भांडण आहे. शिनोलीला घोड नदीच्या काठी गवत-वेली पाण्यात उतरतात, तिथे मरळ दबा धरून बसते. ती वर येऊन हवेतला श्वास घेते, म्हणून असलं उथळ, गचपणाचं पाणी तिला मानवतं. गळ लागला की ती थेट वेलींत घुसते.

गेल्या उन्हाळ्यात मी १० पौंडी तंगूस नेला होता. गवतात गुंतला आणि तुटला. मासा गेला याचं काही नाही हो, पण तोंडात गळ घेऊन गेला! शिवाय पाण्यात राहिलेला नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

आता ५० पौंडी ब्रेडेड दोरा, कडक रॉड आणि रबरी बेडूक. ब्रेड जवळपास ताणला जात नाही, त्यामुळे मरळ वेलींत शिरायच्या आत ओढून घेता येते. बेडकाच्या गळाची टोकं पाठीला चिकटलेली असतात, म्हणून तो गवतावरून न अडकता सरकतो. यात मर्दुमकी कमी असेल, पण मासा सोडायचा तर धड सोडता येतो.

आणि हो, पावसाळ्यात पिल्लं राखणारी मरळ दिसली, तर गळ पिशवीतच ठेवा.